चिमूटभर हिंग : सिलिअ‍ॅक असलेल्या एका मुलीचं घरचं आणि प्रवासातलं जेवण

मी नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीनं लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या जागी माझं चुकलं तेही लिहिलं आहे, कारण सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गव्हासारखी धान्यं खाल्ल्यानं आतडं बिघडतं त्या आजाराचं, निदान होऊन घरी परतणाऱ्या आईवडिलांना त्याचा उपयोग यशोगाथेपेक्षा जास्त होईल.

पार्श्वभूमी

मुक्ता माझ्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती. उंची १२६ सेंटिमीटर, वजन २२ किलो. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. तीन-चार वर्षं तिचं पोट फुगायचं, मध्येच जुलाब व्हायचे, महिन्याआड तोंड यायचं. दर सहा महिन्यांनी जंताचं औषध झालं होतं. लोहाच्या गोळ्या वर्षभर चालू होत्या, तरी हिमोग्लोबिन ८.४ च्या वर जाईना. घरात याला एकच वाक्य होतं : ‘हिच्या अंगी लागत नाही.’

घरात पाच माणसं. आई सकाळच्या शाळेत शिक्षिका, बाबा कारखान्यात पाळीनं कामाला, सहा वर्षांचा धाकटा भाऊ, आणि आजी, म्हणजे बाबांची आई, मूळच्या खानदेशातल्या. आईची शाळा सकाळची असल्यानं स्वयंपाकघर आजींच्या हातात होतं. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा तपशील महत्त्वाचा आहे. मी मात्र तो सुरुवातीला विचारलाच नाही.

वर्षभर लोह देऊनही रक्त वाढत नाही, म्हटल्यावर बालरोगतज्ज्ञांनी टीटीजी-आयजीए ही या आजारासाठीची रक्ततपासणी सांगितली. आकडा आला २०० च्या वर. त्या प्रयोगशाळेची मर्यादा होती २०.

निदान होईपर्यंतची घाई

सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या केसांसारखे रसांकुर असतात. त्यांच्यावाटे अन्नरस शोषला जातो. ते झिजून सपाट झाले की मूल कितीही जेवलं तरी लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं वाया जातात. ‘अंगी लागत नाही’ हे घरातलं वाक्य शब्दशः खरं होतं.

रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी आईनं घरातली कणीक शेजारी देऊन टाकली. कोणालाही असंच वाटेल. पण एन्डोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासायचा असेल, तर तोवर गहू चालू ठेवावा लागतो. गहू आधीच बंद झाला तर आतडं भरून येऊ लागतं, तपासणी फसवी निघते, आणि मग निदानासाठी मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालण्याची वेळ येते. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं म्हणून बरं झालं. ज्या पोळीनं पोरगी आजारी आहे ती तिच्या ताटात आणखी बारा दिवस वाढायची, हे आईला फार जड गेलं. बाराव्या दिवशी एन्डोस्कोपी झाली. रसांकुर जवळजवळ सपाट झालेले दिसले. निदान पक्कं झालं आणि मुक्ता माझ्याकडे आली.

हल्ली पोट जरा बिघडलं की कोणीतरी ‘गहू सोडून बघा’ म्हणतं. तपासणीआधी गहू सोडू नका, एवढं मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

घरात काय करायचं

पहिल्या भेटीत तीन पर्याय मांडले. एक, सगळ्या घरानंच गहू सोडायचा. दोन, घरात गहू राहील, पण मुक्तासाठी वेगळा तवा, परात, पोळपाट-लाटणं, चाळणी, डबे आणि वेगळा कप्पा. तीन, तिचं जेवण आईनं पहाटे वेगळं रांधून ठेवायचं.

तिसरा पर्याय आईच्या शाळेमुळे गळाला. पहिल्याला बाबा तयार नव्हते. पाळी करून आल्यावर दोन पोळ्या हव्यात, शिवाय धाकट्याला शाळेच्या डब्यात पोळी-भाजी सक्तीची. त्यामुळे दुसरा ठरला. तो मलाही पटला होता, आणि सर्वांत व्यवहार्य वाटला होता.

मी त्यांना दवाखान्यातली छापील यादी दिली. गहू, मैदा, रवा, शेवया, लापशी, ब्रेड, बिस्किटं बंद. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, डाळी, साबुदाणा, राजगिरा चालू. कुरडई गव्हाच्या चिकाची असते म्हणून बंद. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवाच्या असतात म्हणून त्याही बंद. यादीत चूक काहीच नव्हती. पण ती कुठल्याच एका घरासाठी केलेली नव्हती.

आजी त्या भेटीला आल्या नव्हत्या. आईनं घरी जाऊन त्यांना यादी वाचून दाखवली. नंतर कळलं की त्या रात्री आजी जेवल्या नाहीत. इतकी वर्षं आपल्याच हातानं आपण नातीला विष वाढलं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

पण त्यांनी सावरून घेतलं, आणि फार सुंदर सावरलं. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडदाच्या पिठाची, ही त्यांच्या माहेरची रोजची. तांदळाची धिरडी, नाचणीची उकड, ज्वारीच्या कण्या असं एकेक त्यांच्या आठवणीतून वर येऊ लागलं. त्यांच्या लहानपणी पोळी सणाला किंवा पाहुणा आला तरच व्हायची. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो ही लाल ज्वारी मिळायची, तिच्या भाकऱ्या त्यांनी थापल्या होत्या. त्यांचं म्हणणं ऐकताना मला डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके आठवत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला. एरवी खंगणारी काही मुलं त्या काळात सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. गव्हाशी असलेला हा संबंध डिके यांनी अभ्यासून मांडला. खानदेशातल्या बाईनं आपल्या डोळ्यांनी पाहिलेला, भाकरीकडून पोळीकडे गेलेल्या स्वयंपाकघराचा बदल त्याच गोष्टीची दुसरी बाजू वाटतो.

श्रावणात सत्यनारायण आला. प्रसादाचा शिरा रव्याचा, आणि प्रसाद नाकारायचा नाही ही आजींची श्रद्धा. त्यांनी गुरुजींनाच विचारलं. गुरुजी म्हणाले, पोथीतच आहे, गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं घ्यावं. त्या वर्षापासून त्या घरात प्रसाद तांदळाच्या रव्याचा होतो आणि सगळे तोच खातात. पूजेच्या दिवशी मुक्ताला वेगळी वाटी नसते.

बारा महिन्यांनंतरचा रिपोर्ट

सहा महिन्यांनी टीटीजी ११८ वर आला. जुलाब थांबले होते, वजन दोन किलो वाढलं होतं. आम्ही सगळे खूश झालो. पण बारा महिन्यांनी आकडा होता ९६. म्हणजे दुसऱ्या सहामाहीत तो जेमतेम हलला होता, आणि तोंड येणंही परत सुरू झालं होतं.

इथं माझी पहिली शंका मुक्तावरच गेली. शाळेत कोणाच्या डब्यातलं खातेस का, वाढदिवसाचा केक, पाणीपुरी? ती मान हलवून नाही म्हणत राहिली आणि शेवटी रडली. ती खरं बोलत होती. अकरा-बारा वर्षांच्या पोरीवर पहिल्या झटक्यात असा संशय घेणं, ही या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक. तिनं मला माफ केलं आहे, पण मी ती विसरलेली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. आजींना म्हटलं, तुम्ही रोजच्यासारखा स्वयंपाक करा, मी नुसती बसते. मिसळणाचा डबा उघडला, फोडणीत मोहरी तडतडली आणि चिमूटभर हिंग पडला. मी डबी मागून घेतली. बारीक अक्षरात घटक लिहिले होते : गव्हाचं पीठ, डिंक, हिंग.

बाजारात मिळतो तो हिंग बहुतेक बांधणीचा असतो. शुद्ध हिंग इतका उग्र की तो पिठात मिसळूनच विकतात, आणि ते पीठ मैद्याचं असू शकतं किंवा तांदळाचं. आजी म्हणाल्या, “अहो ताई, चिमूटभर हिंगानं काय होतंय?” प्रश्न रास्त होता, म्हणून तिथंच कागदावर हिशोब मांडला. सिलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं. एका मध्यम पोळीत दोन ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे सोसणारा भाग झाला पोळीचा दोनशेवा तुकडा. आता वरण, भाजी, आमटी, कढी, ताकाची फोडणी मिळून दिवसभरात मुक्ताच्या वाट्याला पाव ग्रॅम हिंग आला आणि त्यातलं निम्मं गव्हाचं पीठ धरलं, तर अंदाजे १२ मिलिग्रॅम ग्लुटेन रोज होतं. आणि हे ज्या पदार्थांना आम्ही डोळे मिटून सुरक्षित समजत होतो त्यांतून.

आजी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी स्वतः एकेक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. त्या दिवशी जे सापडलं ते त्यांनी शोधलं, मी नाही. मेतकूट त्यांच्या बहिणीकडून यायचं, त्यात मूठभर गहू भाजून घातलेले असत. थालीपिठाची भाजणी गहू वगळून केली होती, पण दळून आणली होती कोपऱ्यावरच्या गिरणीतून. कपाटात मागे सातूचं पीठ होतं. यादीत ‘सातू बंद’ असं जवाच्या अर्थानं छापलं होतं, पण आपल्याकडचं सातूचं पीठ मुळात भाजलेला गहू आणि डाळं यांचं असतं. ते त्यांनी मुक्ताला कधी दिलं नव्हतं, मात्र त्याचा चमचा डब्याडब्यांतून फिरत होता.

गिरणीचा मुद्दा सर्वांत जड निघाला. ग्लुटेन-फ्री म्हणून विकायच्या अन्नाला एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, ग्लुटेनची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. एक किलो ज्वारीच्या पिठात गव्हाच्या पिठाची एक चिमूट, साधारण पाव ग्रॅमही नाही, इतकी मिसळली की ती मर्यादा गाठली. गिरणीत गव्हावर ज्वारी टाकली तर मूठभर गहू तर दगडांच्या खाचांतच असतो. ‘सकाळी पहिलं आमचं दळा’ असं सांगून भागत नाही, कारण आदल्या रात्रीचं शेवटचं दळण बहुधा गव्हाचंच असतं.

काय बदललं

हिंग तीन महिने पूर्ण बंद केला. लसूण, जिरं आणि ओवा यांवर स्वयंपाक चालला. नंतर तांदळाच्या पिठात बांधलेला, पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापलेला हिंग सापडला. मेतकूट आजींनी गव्हाशिवाय घरीच केलं. नवी घरघंटी घेतली, १७,००० रुपयांची, हप्त्यानं. नात्यातून जुनी फुकट मिळत होती, पण तिच्यात आठ वर्षं गहू दळला गेला होता, म्हणून ती घेऊ नका असं मी आग्रहानं सांगितलं. धान्य आता निवडून, धुऊन, वाळवून दळतात, कारण दुकानात ज्वारीच्या पोत्यात गव्हाचे दाणे निघतातच.

आणि पोळ्यांचं काय? कणीक मळताना, लाटताना पीठ उडतं, ओट्यावर बसतं, आजींच्या हाताला आणि पदराला लागतं. वेगळा तवा ठेवून ते थांबत नव्हतं. तोडगा आईनं काढला. घराजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून बाबांच्या आणि धाकट्याच्या पोळ्या बांधून आणायच्या, त्यांच्या डब्यातून त्यांच्याच ताटात वाढायच्या. घरात सुटं गव्हाचं पीठ आणायचंच नाही. मी सुचवलेल्या तीन पर्यायांत हा नव्हता, आणि तिन्हींपेक्षा हा सरस होता. बाबांची पोळी राहिली, घरातलं पीठ गेलं. खर्च वाढला, महिन्याला हजार-बाराशेनं. तो सोपा नव्हता, हेही नोंदवायला हवं.

प्रवासाचा प्रश्न

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबानं सिमला-मनालीच्या सहलीचा बेत केला होता. सप्टेंबरमध्ये आई एकटीच भेटायला आली. मुक्तानं घरी सांगितलं होतं, “तुम्ही सगळे जा, मी आजीजवळ राहते.” तिनं रागानं म्हटलं असतं तर आईला बरं वाटलं असतं. ती अगदी समजूतदारपणे म्हणाली होती.

पर्याय असे होते. सहल कंपनीबरोबर जाणं, कारण त्यांचे आचारी मराठी असतात. स्वतः आखून हिमाचललाच जाणं. जागा बदलणं. किंवा मुक्तानं सुचवलेलं.

शेवटचा मी चर्चेलाच घेतला नाही. सहल कंपनीला बाबांनी फोन केला. ‘गहू चालत नाही’ म्हटल्यावर उत्तर आलं, भाकरी देऊ, काळजी नको. मी त्यांना पुन्हा फोन करून चार नेमके प्रश्न विचारायला सांगितलं. भाकरीचं पीठ कुठून येतं, तवा वेगळा मिळेल का, तळणीचं तेल वेगळं असेल का, हिंग कोणता? दुसऱ्या वेळी तिथल्या माणसानं सरळ सांगितलं की चाळीस जणांच्या स्वयंपाकात एवढं जमणार नाही. या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही आदर आहे. प्रवासात खरा घात ‘हो हो, होऊन जाईल’ असं गोड बोलण्यानं होतो.

मग एक साधं सूत्र धरलं : त्या मुलखाचं रोजचं धान्य कोणतं, ते आधी बघायचं. गव्हाच्या मुलखात प्रत्येक ढाब्यावर कणीक हवेत असते. तांदळाच्या मुलखात निदान पाया सुरक्षित असतो. दिवाळीत आधी कोकणात चार दिवस जाऊन रंगीत तालीम करायची, ती जमली तर मे महिन्यात केरळ.

कोकणात चार दिवस

गुहागरजवळ एका घरगुती मुक्कामी उतरले. आईनं महिनाभर आधी तिथल्या काकूंशी फोनवर बोलून घेतलं होतं. तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, मोदक. यादी ऐकूनच आजी हसल्या म्हणे, त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. सामानात स्वतःचा छोटा तवा, उलथनं, हिंगाची डबी आणि सुती फडकं होतं. काकूंनी एक भुवई उंचावली नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी फोडणी मुक्ताच्या डबीतल्या हिंगाची केली, आणि तीच सगळ्यांना.

परतीच्या दिवशी वाटेत हॉटेलात थांबले तेव्हा मुक्ताला साबुदाण्याची खिचडी दिली. उपवासाचे पदार्थ आपल्याकडे मोठा आधार आहेत. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, दाणे यांत गहू नाही, आणि उपवासाच्या फोडणीत सहसा हिंगही नसतो. महाराष्ट्रात फिरताना ‘ग्लुटेन’ हा शब्द समजावत बसण्यापेक्षा ‘हिला उपवास आहे’ म्हटलेलं लवकर समजतं. साबुदाणा वडा मात्र नको, तो समोशाच्या तेलात तळलेला असू शकतो.

केरळ

मे महिन्यात नाशिक रोडहून मंगला एक्सप्रेसनं एर्नाकुलम, एक दिवसाहून जास्त प्रवास. गाडीत विजेची किटली वापरायला बंदी आहे, त्यामुळे रांधायचा प्रश्नच नव्हता. आजींनी दशम्या केल्या, ज्वारीचं पीठ दुधात भिजवून. प्रवासाला दशमी न्यायची ही जुनी रीत आहे, दुधात भिजवलेली भाकरी मऊ राहते. बरोबर लसणाची चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या, उकडलेली रताळी, केळी. हे सगळं ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त पुरेल इतकं. गाडी तीन तास उशिरा पोहोचली तेव्हा तो जास्तीचा दिवस कामी आला.

कोचीत आणि मुन्नारला त्यांनी ओटा वापरायला मिळेल अशाच खोल्या घेतल्या. छोटा भाताचा कुकर बरोबर होता. मल्याळममध्ये लिहिलेलं एक कार्ड बाबांच्या कारखान्यातल्या मल्याळी सहकाऱ्याकडून करून घेतलं होतं : या मुलीला गहू, मैदा, रवा आणि गव्हाच्या पिठातला हिंग चालत नाही, थोडासुद्धा नाही. तिकडे हिंगाला ‘कायम’ म्हणतात आणि गव्हाला ‘गोदंबु’. हे दोन शब्द मुक्तानं पाठ केले होते. इडली नारळाच्या चटणीबरोबर, फोडणी न घातलेली. सांबार नको, कारण त्यात हिंग असतोच. पुट्टू विचारून, कारण तो तांदळाचा असतो तसा गव्हाचाही करतात. डोसा टाळला, कारण त्याच तव्यावर मैद्याचे परोटे भाजलेले दिसले.

इतकं सगळं पाळून पाचव्या दिवशी चूक झाली. मुन्नारमध्ये पाऊस पडत होता, रस्त्यालगत गरमगरम पळंपोरी तळत होती. पिकलेल्या केळ्याची भजी. मुक्तानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी विचार केला, भजी म्हणजे बेसन, फार तर तांदळाचं पीठ. कार्ड खोलीवर दुसऱ्या पिशवीत होतं. तिला दोन दिली.

पळंपोरीचं पीठ बहुधा मैद्याचं असतं. तीन तासांत उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा, रात्रभर झोप नाही. पुढचे दोन दिवस ओआरएस, पेज आणि विश्रांती यांत गेले. आईनं मला रात्री अकराला फोन केला. मी विचारलं, लघवी होते आहे ना, पाणी पोटात टिकतंय ना? टिकत होतं, म्हणून दवाखान्यात हलवायची गरज पडली नाही. पाणी टिकत नसतं किंवा मूल मलूल झालं असतं, तर त्याच रात्री न्यावं लागलं असतं. बाबा फोनवर एकच वाक्य बोलले, “मी विचारलंच नाही हो.” मी त्यांना म्हटलं ते इथंही लिहिते : घरी शिकलेलं ज्ञान दुसऱ्या मुलखात तसंच लागू पडत नाही. आपल्या भज्यांत बेसन असतं ही माहिती नाशिकपुरती खरी होती.

परिणाम

अठराव्या महिन्यात टीटीजी ३४ होता. चोविसाव्या महिन्यात, केरळहून आल्यावर, १७. पहिल्यांदा मर्यादेच्या आत. एकदा झालेली चूक या आकड्यात दिसेलच असं नाही, म्हणून मी त्यावरून पळंपोरी माफ झाली असं म्हणणार नाही. हिमोग्लोबिन ११.८. उंची १४१, वजन ३३ किलो. प्रार्थनेच्या रांगेत ती आता पाचवी उभी असते. हे तिनं मला रिपोर्टच्याही आधी सांगितलं.

सगळं सुधारलं असं मात्र नाही. पहिल्या वर्षात आहार फार भाताळ झाला होता, बद्धकोष्ठ झालं. नाचणी, पालेभाज्या आणि डाळी वाढवून ते सावरलं. ड जीवनसत्त्व अजून कमी आहे, औषध चालू आहे. रक्ताच्या नात्यातल्या जवळच्यांना सिलिअ‍ॅक असण्याची शक्यता दहात एकाच्या आसपास असते, त्यामुळे त्यांचीही तपासणी करावी लागते. आई आणि भावाची झाली, दोघांची निगेटिव्ह आहे. भावाची काही वर्षांनी पुन्हा करावी लागेल, कारण आज नसलेला आजार पुढे उद्भवू शकतो. बाबांनी अजून रक्त दिलेलं नाही. मी विचारणं सोडलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या भेटीला घरात रांधणारी व्यक्ती हजर हवी होती. आजींना यादी ऐकवली गेली, विचारलं काहीच गेलं नाही. त्या आल्या असत्या तर मेतकूट आणि गिरणी पहिल्याच दिवशी निघाली असती, आणि त्या एकट्या त्या रात्री उपाशी झोपल्या नसत्या. आता मी नव्या रुग्णाला सांगते, मिसळणाचा डबा आणि हिंगाची डबी घेऊनच या.

सहाव्या महिन्यात आकडा उतरला म्हणून आम्ही शोध थांबवला. तेव्हाच घरी गेले असते तर मुलीचे सहा महिने वाचले असते.

नातेवाइकांची तपासणी मी वर्षभर उशिरा सुचवली. ती निदानाच्याच आठवड्यात सांगायला हवी.

प्रवासाचं कार्ड एकच होतं, ते मोठ्यांकडे होतं. ते मुलीच्या स्वतःच्या खिशात हवं होतं. केरळात विचारायचं काय हे तिला पाठ होतं, पण बाबा बरोबर आहेत म्हटल्यावर तिनं विचारणं त्यांच्यावर सोपवलं. कोणी विचारायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात आई पुन्हा आली होती. शाळेची सहल डिसेंबरमध्ये दिल्ली-आग्र्याला जाते आहे. गव्हाचा मुलूख, आईवडील बरोबर नाहीत, पाच दिवस. पाठवावं का, हे विचारायला ती आली होती. आम्ही दोघी बोलत होतो तोवर मुक्ता वही काढून बसली. सहलीबरोबर जाणाऱ्या बाईंशी ती आधीच बोलली होती, मुक्कामाच्या हॉटेलचा नंबर घेतला होता, आणि विचारायचे प्रश्न लिहून काढले होते. पहिला प्रश्न होता : साधा भात वेगळ्या भांड्यात मिळेल का? सातवा : हिंग कोणता वापरता? आईनं अजून ठरवलेलं नाही. मी तिला हॉटेलचं उत्तर येईपर्यंत थांबायला सांगितलं आहे.